विनोद, विटंबना आणि सम्यक वाचा

(मंडळाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिन समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस त्रिवार वंदन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो.

या व्यासपीठावरून आजवर संविधान, धम्म, शिक्षण, स्त्रियांचे अधिकार अशा गंभीर विषयांवर व्याख्याने झाली आहेत. अशा ठिकाणी इंटरनेटवरील थट्टामस्करीचा विषय आम्ही निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके हसण्याचा विषय करण्यात आले, त्या समाजाने हसण्याचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे, असे आमचे नम्र मत आहे. शिवाय येथे बसलेल्या बहुतेक घरांत एखादे तरी मूल रोज काही तास पडद्यासमोर असते. तेथे ते कुणावर हसते आणि त्याच्यावर कोण हसते, याची आपणा मातापित्यांना पुष्कळदा गंधवार्ताही नसते.

इंटरनेटवरील विनोदाचा इतिहास पाहू गेल्यास त्याचा आरंभ मोठ्या सौजन्यात झालेला दिसतो. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरील सामायिक फलकावर प्राध्यापक आणि विद्यार्थी गप्पागोष्टी करीत. १९८२ साली तेथे पदार्थविज्ञानाची एक चर्चा रंगली होती. लिफ्टची दोरी तुटून ती खाली पडू लागली, तर आतल्या मेणबत्तीचे आणि पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? चर्चेच्या ओघात कुणीतरी गमतीने लिहिले, की एका लिफ्टमध्ये पारा सांडून ती दूषित झाली आहे. काहींनी ती खरीच सूचना मानली. हा घोटाळा पाहून १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फॅल्मन यांनी सुचविले, की थट्टेने लिहिलेल्या मजकुरापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस अशी तीन चिन्हे ओळीने टाकावीत. मान वाकडी करून पाहिल्यास त्यांत हसरा चेहरा दिसतो. आज आपल्या आजीबाईसुद्धा भ्रमणध्वनीवरून नातवंडांना जे हसरे चेहरे पाठवितात, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

या छोट्या घटनेत एक मोठे तत्त्व सामावलेले आहे. समोरासमोर बोलताना आवाज, डोळे आणि चेहरा हे तिन्ही साक्षीला असतात. लेखनात ते तिन्ही नाहीसे होतात. अशा वेळी ‘ही थट्टा आहे’ हे स्पष्ट करण्याची जबाबदारी थट्टा करणाऱ्याने स्वतःकडे घ्यावी, असा त्या सूचनेचा अर्थ होता. ऐकणाऱ्याने ओळखून घ्यावे आणि न ओळखल्यास मूर्ख ठरावे, असा तो नव्हता.

त्याच काळात यूजनेट नावाची व्यवस्था वाढत होती. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये तिची कल्पना मांडली होती. विद्यापीठांचे संगणक दूरध्वनीच्या तारांवरून परस्परांना मजकूर पोहोचवीत आणि विषयवार चर्चागट चालत. १९८७ मध्ये कॅनडातील ब्रॅड टेम्पल्टन यांनी निवडक विनोदांचा एक गट सुरू केला. विनोद कुणीही धाडावा, परंतु निवड ते स्वतः करीत. ज्या विनोदाने कुणी दुखावण्याचा संभव असे, तो ते सांकेतिक लिपीत देत. प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरे पुढे सरकवलेले असे, आणि ज्याला वाचायचाच असेल त्याने तो मुद्दाम उलगडून वाचावयाचा. तरीही १९८८ साली एका ज्यू आणि एका स्कॉटिश माणसावरील विनोदावरून वादळ उठले. तक्रारी झाल्या, वृत्तपत्रात बातमी आली आणि वॉटर्लू विद्यापीठाने आपल्या संगणकांवरून तो गट बंद केला. १९८९ च्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठानेही बंदी घातली. तेथील संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी बंदीविरुद्ध मोहीम चालविली आणि पुढे ती बंदी मागे घेण्यात आली.

या वादात कोणाची बाजू बरोबर होती, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. एका समाजाच्या अपमानाचा प्रश्न एका बाजूस आणि ग्रंथालयात काय असावे हे कुणी ठरवावे, हा प्रश्न दुसऱ्या बाजूस, असा तो खरा पेच होता. मात्र त्या वादाला एक शिस्त होती. छापणारा कोण, हे सर्वांना ठाऊक होते, आणि तो स्वतःच्या नावानिशी उत्तर देण्यास उभा होता. दुखावलेल्या माणसाला दार ठोठावण्यासाठी निदान एक दार होते. पुढे जे बिघडले, ते हे दारच नाहीसे झाल्यामुळे बिघडले.

आता ‘ट्रोल’ या शब्दाकडे वळू. उत्तर युरोपातील लोककथांत या नावाचा राक्षस आहे खरा, परंतु इंटरनेटवरील अर्थ मासेमारीतून आला, असे साधारणपणे मानले जाते. गळाला आमिष लावून संथ चालत्या होडीमागून ते ओढीत नेणे, यास इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी यूजनेटवर लोकप्रवादांची चिकित्सा करणारा एक गट होता. तेथील जुने सभासद मुद्दाम एखादे जुनेपाने, चुकीचे विधान करीत. एखादा नवखा ते दुरुस्त करावयास धावला, की जाणते गालातल्या गालात हसत. महाविद्यालयाच्या वसतिगृहात नव्या मुलांची गंमत करतात, त्या प्रकारचा तो खेळ होता. त्यात थोडा खट्याळपणा होता आणि थोडा उन्मत्तपणाही होता.

दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत. ते काही आठवडे गोंधळ घालीत आणि मग रीतभात शिकून त्या गोतावळ्यात मिसळून जात. पुढे व्यापारी कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना यूजनेटची दारे उघडली. नवख्यांचा लोंढा बारमाही झाला, आणि जुने लोक १९९३ च्या सप्टेंबरला ‘कधीही न संपलेला सप्टेंबर’ म्हणू लागले. बंधुभगिनींनो, या तक्रारीकडे आपण जरा सावधपणे पाहिले पाहिजे. ‘बाहेरचे आले आणि गाव बिघडले’ हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी गावोगावी ऐकलेले आहे. पाणवठा सर्वांना खुला झाल्याने पाणी नासत नसते. नव्या माणसाला रीत शिकविणारे कमी पडले आणि ज्यांनी दारे उघडली त्यांनी ग्राहक मोजण्यापलीकडे कसलीच जबाबदारी घेतली नाही, हे त्या पडझडीचे खरे कारण होते, असे आम्हांस वाटते.

१९९९ मध्ये रिचर्ड कायंका यांनी समथिंग ऑफुल हे विनोदी संकेतस्थळ काढले. तेथील चर्चागटाचे सभासद होण्यासाठी पुढे दहा डॉलर वर्गणी ठेवण्यात आली. गैरवर्तन केले तर सभासदत्व जाई आणि पुन्हा यावयाचे तर पुन्हा दहा डॉलर मोजावे लागत. छायाचित्रांत गमतीदार फेरफार करण्याच्या साप्ताहिक स्पर्धांसारखे अनेक प्रकार तेथे बहरले. तेथील विनोद सोज्वळ होता, असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळदा तो क्रूर असे. परंतु त्याला कुंपण होते, राखणदार होते आणि वर्गणी भरणाऱ्याला गमावण्यासारखे काही होते.

याच गटातील पंधरा वर्षांच्या ख्रिस्तोफर पूल या मुलाने ऑक्टोबर २००३ मध्ये फोरचॅन सुरू केले. तेथे नाव नको, वर्गणी नको आणि स्मरणही नको, कारण नवा मजकूर आला की जुना आपोआप पुसला जाई. या मोकळेपणातून मांजरांच्या चित्रांखाली अशुद्ध इंग्रजीत लिहिलेल्या ओळींसारखी, जगाला हसविणारी निरुपद्रवी गंमतही जन्मास आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जेथे कुणाला नाव नाही आणि कालचे काही शिल्लक राहत नाही, तेथे लक्ष वेधण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कालच्यापेक्षा अधिक धक्कादायक बोलणे. वंशद्वेषाचे शब्द प्रथम केवळ धक्क्यासाठी वापरले गेले. मग ते सवयीचे झाले. मग खरोखरीच द्वेष करणारे तेथे येऊन बसले. पहिल्यांदा हसणाऱ्यांना आपल्या शेजारी कोण बसले आहे, हे उशिरा कळले, आणि कळल्यावरही पुष्कळजण उठले नाहीत.

पुढील घटना आपणांस ठाऊक आहेत. २०१४ साली संगणकीय खेळांच्या क्षेत्रातील स्त्रियांवर धमक्यांचा भडिमार झाला. २०१७ साली अमेरिकेतील एका नवनाझी संकेतस्थळाची लेखकांसाठीची अंतर्गत नियमावली उघडकीस आली. त्यातील एका सूचनेचा आशय असा होता, की आपण थट्टा करीत आहोत की नाही, हे नव्या वाचकाला कळता कामा नये. फॅल्मन यांच्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी ही सूचना ठेवून पाहावी. पस्तीस वर्षांत चक्र नेमके उलटे फिरले होते. गैरसमज टळावा म्हणून जेथे खूण शोधली गेली, तेथेच आता गैरसमजाचा बुरखा हे शस्त्र झाले. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे मशिदींत नमाजासाठी जमलेल्यांवर गोळीबार करून एका वंशवाद्याने ५१ माणसांचे प्राण घेतले. त्याने आपला बेत आधी अशाच एका अनामिक फलकावर जाहीर केला होता, आणि त्याच्या निवेदनात त्या फलकांवरील चावट विनोद जागोजाग पेरलेले होते.

या काळात खऱ्या विनोदाची घरे एकामागून एक ओस पडली. त्याचे कारण केवळ ट्रोल नव्हेत. माणसे आपापल्या गटांतून उठून काही थोड्या प्रचंड माध्यमांवर गेली. तेथे काय पुढे यावे, हे माणूस ठरवीत नाही, यंत्र ठरविते, आणि ज्या मजकुरावर लोक अधिक तुटून पडतील, तो ते पुढे ढकलते. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या यंत्रणेत संतप्त चेहऱ्याच्या चिन्हाला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले जात होते, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून जगाला कळले. पुढे ते वजन काढून टाकण्यात आले. परंतु तोवर रागाला बाजारभाव मिळाला होता. दोन मित्रांना मनापासून हसविणाऱ्या विनोदापेक्षा दोन हजारांना चिडविणारी टवाळी मालकास अधिक किफायतशीर ठरली. जानेवारी २०२० मध्ये कॉलेजह्यूमर या विनोदी संस्थेच्या मालक कंपनीने पैसा थांबविला आणि शंभराहून अधिक माणसे एका दिवसात घरी बसली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गूगलने आपल्या सेवेतून यूजनेटवर नवा मजकूर पाठविण्याची सोयही बंद केली.

या कहाणीत एक आशेचा धागा आहे. कॉलेजह्यूमर पूर्ण बुडाली नाही. सॅम राइक यांनी ती विकत घेतली आणि जाहिरातींऐवजी प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालवून दाखविली. ‘ड्रॉपआउट’ या नावाने ती उभी राहिली. ज्याचे पैसे त्याचे ऐकावे लागते, हा व्यवहार आपणांस नवा नाही. आपले हे मंडळ आपल्या वर्गणीवर चालते, म्हणूनच येथे काय बोलावे हे कुणी जाहिरातदार ठरवीत नाही. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, ते छत्रपती शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने. स्वतःचा आवाज हवा असेल, तर स्वतःचे पत्र हवे, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते.

येथून आम्ही आपल्या स्वतःच्या प्रश्नाकडे येतो. हसणे आपल्या समाजाला कधीच परके नव्हते. तमाशाच्या फडात आपल्या कलावंतांनी महाराष्ट्राला हसविले. परंतु हसवणारा आपला आणि पुढच्या बैठकीवर मान हलविणारा दुसराच, अशी ती व्यवस्था होती. आंबेडकरी जलशांनी तीच कला घेऊन तिचे तोंड फिरविले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जलशांत भटजी आणि सावकार यांची फजिती होई. त्याचबरोबर दारू, नवससायास, मृत जनावराचे मांस खाण्याची चाल या आपल्याच घरातील दोषांवरही कोरडे ओढलेले असत. जलशातील सोंगाड्या चेहरा उघडा ठेवून आपल्याच माणसांपुढे उभा राही. त्याचे बोलणे झोंबले, तर तेथल्या तेथे उठून त्याला जाब विचारता येई. तो आपल्याहून बलवानास हसे किंवा स्वतःस हसे. आपल्याहून दुबळ्यास हसून त्याने टाळी घेतली नाही.

याउलट बाबासाहेबांच्या वाट्यास कोणता विनोद आला? व्यंगचित्रकार आणि संशोधक उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातील इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून काढली आणि २०१९ साली त्यांचा ग्रंथ सिद्ध केला. ती सलग पाहताना एक गोष्ट लक्षात येते. एकेक चित्र सुटे पाहिले तर ‘अहो, एवढे काय मनास लावून घेता’ असे म्हणता येते. शंभर चित्रे एकत्र ठेवली, की ती थट्टा उरत नाही, तो एका समाजाचा दृष्टिकोन होतो. आजचे ट्रोलिंगही असेच असते. एकेक वाक्य क्षुल्लक दिसते. ज्याच्यावर हजार वाक्ये कोसळतात, त्यालाच त्यांचे वजन कळते.

याच संदर्भात २०१२ सालची आठवण काढणे भाग आहे. १९४९ मध्ये शंकर यांनी काढलेले, गोगलगायीवर बसलेल्या बाबासाहेबांचे व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. मे २०१२ मध्ये संसदेत त्यावरून गदारोळ झाला आणि शासनाने ते काढून घेण्याचे मान्य केले. आपल्या समाजाला झालेले दुःख खरे होते. परंतु त्याच सुमारास पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे एक सल्लागार प्राध्यापक सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची काही तरुणांनी मोडतोड केली. त्या तोडफोडीने आपले दुःख कुणाला समजले नाही. जे समजले, ते सात वर्षांनी आलेल्या त्या ग्रंथाने. एकाने खुर्च्या मोडल्या, दुसऱ्याने पुरावा मांडला. बाबासाहेबांचा मार्ग यांतील कोणता, हे या सभेस सांगण्याची आवश्यकता नाही.

विटंबना संपलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी प्रहसनात बाबासाहेबांची आणि दलितांची टवाळी केली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, गुन्हा नोंदला गेला आणि अटकाही झाल्या. सुशिक्षित मुलांना यात काही वावगे वाटले नाही, कारण त्यांच्या पडद्यावर अशा टवाळीचा रतीब रोजचा होता.

तर मग आपण काय करावे? इंटरनेटवर एक सल्ला फार जुना आहे, की ट्रोलला खाऊ घालू नये, म्हणजे उत्तरच देऊ नये. आपणा बौद्धांना हे ऐकून राजगृहाची कथा आठवेल. भारद्वाज गोत्रातील एक ब्राह्मण, आपला गोत्रज संघात गेला म्हणून संतापून भगवंतांना वाटेल तशा शिव्या देऊ लागला. भगवंतांनी त्याला शांतपणे विचारले, तुमच्या घरी पाहुणे येतात काय? त्यांच्यापुढे तुम्ही अन्न वाढता काय? त्यांनी ते घेतले नाही, तर ते कुणाचे? तो म्हणाला, माझेच. तसेच तुझे हे अपशब्द आम्ही घेत नाही, ते तुझ्यापाशीच राहतात, असे भगवंतांनी सांगितले. पुढे तोच मनुष्य संघात आला.

ही कथा पुष्कळदा ‘गप्प बसा’ असे सांगण्यासाठी वापरली जाते. परंतु भगवंत गप्प बसले नव्हते. त्यांनी त्या माणसाला समोर घेतले, प्रश्न विचारला आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढले. शिवी त्यांनी नाकारली, माणूस नाकारला नाही. आजची अडचण अशी, की समोर एक ब्राह्मण नसतो, मुखवटे घातलेला जमाव असतो आणि त्या जमावाच्या प्रत्येक शब्दावर तिसराच कुणी पैसे मिळवीत असतो. अशा जमावाशी वाद घालू नये, हे खरे. पण जिच्यावर तो चालून गेला आहे, त्या मुलीला ‘दुर्लक्ष कर’ एवढेच सांगून आपण मोकळे होऊ नये. मौन हे तिचे एकटीचे कर्तव्य नव्हे. तिच्या शेजारी उभे राहणे, मजकूर जपून ठेवणे, शाळेत किंवा कार्यालयात रीतसर तक्रार नेणे, ही आपल्या सर्वांची कर्तव्ये आहेत.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती सांगताना आम्हांस संकोच होतो. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आधी सोपी किंवा कठीण परीक्षा दिली आणि मग एका बातमीखाली मत लिहावयास सांगितले. मन प्रसन्न आणि आधीची मते सभ्य, अशा स्थितीत सुमारे ३५ टक्के मजकूर ट्रोल स्वरूपाचा निघाला. मन खिन्न आणि आधीची मते शिवराळ, अशा स्थितीत तो सुमारे ६८ टक्क्यांवर गेला. म्हणजे ट्रोल ही माणसांची वेगळी जात नाही. बिघडलेला दिवस आणि बिघडलेली संगत मिळाली, की आपल्यापैकी कुणीही तसे वागू शकतो.

आम्हीही वागलो आहोत. आपल्या मंडळाच्या संदेशगटावर एका उपासिकेने कार्यक्रमाच्या जेवणाविषयी आपल्या नव्या, शिकाऊ इंग्रजीत ध्वनिसंदेश पाठविला होता. दोन तरुणांनी तिच्या उच्चारांची नक्कल करून तो पुन्हा गटावर टाकला. पाहता पाहता हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत आमचाही एक चेहरा होता, हे आम्ही आज या व्यासपीठावरून कबूल करतो. त्या बाईंनी काहीही उत्तर दिले नाही. त्या गटातून निघून गेल्या आणि दोन पौर्णिमांना वंदनेसही आल्या नाहीत. शेवटी आम्ही दोघे पदाधिकारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. आम्ही म्हणालो, ‘ताई, मुलांनी गंमत केली होती.’ त्या म्हणाल्या, ‘भाऊ, माझं इंग्रजी कच्चं आहे हे मला ठाऊक आहे. हसायचं होतं तर माझ्यासमोर हसायचं, मीही हसले असते.’

एवढ्या ग्रंथांतून आम्हांस जे उमगले नाही, ते त्या एका वाक्याने उमगले. जो विनोद त्या माणसाच्या समोर करता येत नाही आणि ज्यात तो स्वतः हसू शकत नाही, तो विनोद नव्हे. गावात आपल्या आजोबांच्या बोलीची नक्कल ज्यांनी केली, त्यांनाही ती गंमतच वाटली होती. त्या बाई आता वंदनेस येतात. संदेशगटावर मात्र त्या परत आलेल्या नाहीत, आणि त्यांनी यावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे.

म्हणून काही गोष्टी सुचवून आम्ही आटोपते घेतो. आपल्या गटावर येणारा प्रत्येक विनोद पाठविणाऱ्याच्या जबाबदारीचा असावा. ‘मला आला, मी पुढे ढकलला’ ही सबब ऐकली जाऊ नये. दुसऱ्या समाजावरचा, स्त्रियांवरचा, आपल्यातीलच पोटजातींवरचा विनोद आला, तर कुणीतरी तेथल्या तेथे नम्रपणे ‘हे नको’ असे लिहावे. पहिला नकार आला, की हसऱ्या चेहऱ्यांची रांग थांबते. चूक झाली, तर ज्या गटावर झाली त्याच गटावर क्षमा मागावी. मुलांचे यंत्र हिसकावून घेऊ नये. आज कशाला हसलास, हे त्यांना रोज विचारावे आणि त्यांच्यासोबत बसून तेच पाहावे. आणि वर्षातून एकदा तरी या सभागृहात जलसा व्हावा. त्यात मुलांनी आम्हा पदाधिकाऱ्यांची, आमच्या लांबलेल्या भाषणांची, अगदी आजच्या या भाषणाचीही मनसोक्त टर उडवावी. आम्ही पहिल्या रांगेत बसू.

भगवंतांनी बाल राहुलास केलेला उपदेश आपणांस परिचित आहे. भांड्यातील उरलेले थोडे पाणी दाखवून त्यांनी त्याला समजावले, की थट्टेतसुद्धा असत्य बोलू नये. राजस्थानातील बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्षू आणि उपासकांनी वारंवार ऐकाव्यात अशा ज्या मोजक्या धम्मवचनांची नावे कोरली, त्यांत राहुलास केलेला असत्याविषयीचा उपदेश आहे. सम्यक वाचा हा आर्य अष्टांगिक मार्गाचा एक भाग आहे आणि थट्टेची वेळ त्यातून वगळलेली नाही.

आपण हसणारा समाज राहिले पाहिजे. ज्यांच्यावर जग हसले, त्यांच्या लेकरांनी तोंड मिटून जगावे, असे बाबासाहेबांनी कधीच इच्छिले नसते. फक्त आपले हसणे समोरासमोरचे असावे, नावानिशी असावे आणि त्यात त्या ताईंनाही बसावयास जागा असावी.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!